दादा, तुझ्या जागी गावकीत कोण बसलं ते ऐक

दादा,

तेराव्याला आपल्या ओटीवर काय झालं ते तुला सांगायचंय. तू असतास तर मी पेणहून पोचायच्या आधीच तुला बातमी लागलेली असती आणि वर मलाच विचारलं असतंस, "काय गो बाय, तुला आत्ता कळलं?" जन्मात पहिल्यांदा तुझ्याआधी बातमी माझ्याकडे आली, आणि सांगायला तू नाहीस. मला तुझा इतका राग आलाय की विचारू नकोस. माणसाने जावं, पण चालू वाद तरी संपवून जावं. तू म्हणालास, पुढच्या रविवारी सांगतो, आणि मधल्याच शुक्रवारी सकाळी छातीत कळ आली म्हणून ओटीवर बसलास तो उठलाच नाहीस. ही काय पद्धत झाली?

माणसं भेटायला येतायत, तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलतायत. देवमाणूस होता म्हणे. मी ऐकून घेते. देवमाणूस कसला डोंबलाचा! हट्टी, चिडका, आणि वादात हरायला लागला की "जेवायचं बगा आता" म्हणून उठणारा. मी जन्मभर पेणच्या शाळेत इतिहास शिकवला, पण तुझ्याइतकं मला एकाही वर्गाने छळलं नाही. आणि तुझ्याइतकं शिकवलंही नाही कोणी. हे तुझ्या तोंडावर म्हटलं असतं तर तू गावभर सांगत फिरला असतास, म्हणून राहिलं ते राहिलंच.

बाबा मिठागरावर कामाला होते, ते गेले तेव्हा तू शाळेत होतास. तेराव्याला गावकीची माणसं आली आणि त्यांनी तुझ्या डोक्यावर पांढरी टोपी घातली. टोपी पार कानांखाली आली. मला हसू फुटलं तर आईने असा चिमटा काढला की चार दिवस वळ होता. त्या दिवसापासून आपल्या घराचं माणूस म्हणजे तू. गावाचे निर्णय घेणाऱ्या गावकीत घरटी एक माणूस, आणि माणूस म्हणजे पुरुष, मग त्याला मिसरूड फुटलेली असो नसो. आईला शेत कळायचं, खाडी कळायची, कुठल्या तिथीला पाणी किती चढणार ते तिला पंचांग न बघता सांगता यायचं. पण गावकी देवळात बसली की ती घरात. तू निघायच्या आधी तिला विचारायचास, "आय, काय बोलू?" ती भाकऱ्या थापता थापता सांगायची आणि तू ते घोकत घोकत जायचास. कधीकधी विसरून यायचास. मग तिचं म्हणणं देवळापर्यंत पोचायचंच नाही. ती तुला रागवायची नाही, तवा मात्र दणकन आपटायची.

बांधाचं सगळं तर गावकीच्याच हातात. खाडीच्या कडेची शेती म्हणजे बाहेरच्या बांधाच्या जिवावर. उधाणाच्या पाण्याने बांध फोडला, खांड पडली, की खारं पाणी शेतात, आणि मग पुढची काही वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. म्हणून खांड पडली की घरटी एक माणूस चिखल ओढायला उभा राहिलाच पाहिजे. आणि खांड उघडी असेपर्यंत बाईने बांधावर पाय ठेवायचा नाही, खाडी चिडते, असा आपल्याकडचा समज. खाडीला चिडायला दुसरी कारणं नव्हती जणू.

मग तिकडे धाटावला कंपन्या आल्या. गावातली तुझ्या वयाची सगळी पोरं रोह्याकडे पळाली. तू नदीपलीकडच्या अष्टमी गावात खोली घेतलीस, पूल ओलांडून रोह्यात यायचं आणि तिथून कामावर. पहिल्या सुट्टीला घरी आलास तेव्हा जेवता जेवता म्हणालास, "आय, कँटीनमधी वाडीवरचा माणूस माझ्या बाजूला बसतो. गलास एकच. तो पितो, ठेवतो, धुतात, मंग मी पितो."

आईचा घास थांबला. आपल्या बांधावर कामाला येणाऱ्या, गावाबाहेरच्या वाडीवरच्या माणसांना शिवायचं नाही म्हणून ओंजळीत वरून पाणी ओतायची रीत.

"काय नाय झालं मला," तू म्हणालास. "हा बग, बसलोय तुझ्यापुढं."

आईने पुढचा घास घेतला आणि विचारलं, "जेवायला काय देतात?" मला वाटलं संपला विषय. पण पुढच्या खेपेला बांधावर पाणी पाठवताना तिने हंड्याबरोबर पेले दिले, सगळ्यांना सारखे. कोणीतरी विचारलं तर म्हणाली, "माझ्या पोराच्या कंपनीत तसंच करतात." कंपनी म्हणजे काय याची तिला काही कल्पना नव्हती, तरी नाव मात्र असं घेतलं की समोरचा आपल्या कामाला लागला.

मी तेव्हा कॉलेजात होते. अभ्यासाला युरोपातल्या विचारवंतांवर एक प्रकरण होतं. ते वाचून माझं डोकं भणाणून गेलं होतं. राजाला देवाने नेमलेलं नसतं. कायदा माणसं करतात, म्हणून माणसांना तो बदलता येतो. जन्माने कोणी वर नाही, कोणी खाली नाही. कुठलीही गोष्ट "आधीपासून असंच आहे" म्हणून खरी ठरत नाही, ती बुद्धीला पटावी लागते. मला वाटलं हे तर आपल्या गावकीबद्दलच लिहिलंय! तुला कधी एकदा सांगते असं झालं होतं. तू सगळं ऐकलंस, पाय चोळत बसला होतास, आणि म्हणालास, "हे त्यांना कवा सुचलं? गिरण्या आल्या तवाच ना?"

"नाही, बरंच आधीपासून."

"मंग गिरण्या येईपर्यंत लोकांनी केलं काय त्याचं?"

झालं! तिथून जे सुरू झालं ते परवापरवापर्यंत. तुझं म्हणणं, आधी भोंगा, मग समता. भोंगा वाजला की पाटलाचा पोरगा पण पळतो आणि आपण पण. कार्ड पंच करायच्या रांगेत त्याला कोणी पुढे घेत नाही, मशीनला त्याचा बाप माहीत नाही. शंभर पुस्तकांनी जे झालं नसतं ते एका रांगेने केलं, असं तू ऐटीत सांगायचास. माझं म्हणणं, रांग तर तुरुंगातही असते. मी पण तुझ्याइतकीच माणूस आहे हे आधी कोणाच्या तरी डोक्यात यावं लागतं, ते बोलायची छाती व्हावी लागते, तेव्हा कुठे रांगेचा काही उपयोग. आई म्हणायची, "तुमी दोघं जेवा आधी." तुझं लग्न झालं, वहिनी आली, आणि मग तेच वाक्य वहिनी म्हणायला लागली.

आणि मग ती खांड. वहिनी नवीन होती तेव्हा, हातातला चुडासुद्धा उतरला नव्हता. अमावास्येच्या उधाणात बांध गेला. गावकीने आपल्या नेहमीच्या हिशेबाने काम लावलं, पाण्याचा जोर मोडला की भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत, ओहोटी लागल्यावर. तिथी धरून सगळं बरोबर होतं. पण एक गोष्ट पंचांच्या डोक्यातच आली नाही. गावातले निम्म्याहून जास्त गडी आता तिथीवर चालत नव्हते, शिफ्टवर चालत होते. ओहोटी लागली तेव्हा बांधावर चार म्हातारे, दोन आजारी आणि गावकीचे पंच बाळाराम काका. बाकी सगळे तिकडे धाटावला मशीनपुढे. बाळाराम काका हंबरडा फोडल्यासारखे ओरडत होते, "गडी कुठं हायत? गडी कुठं हायत?" त्यांना कोण सांगणार? त्यांच्याच तोंडाने गावकीने दवंडी दिली होती.

आई घरातून निघाली. मी मागून. तिने फावडं घेतलं, पदर खोचला, आणि वाटेतल्या प्रत्येक दारात नुसतं म्हणत गेली, "चल गो." कारण नाही, भाषण नाही. "चल गो." वहिनी नवी नवरी, तिला कोणी बोलावलंच नव्हतं, ती आपली आमच्या मागोमाग चालायला लागली. बांधापाशी बाळाराम काका आडवे आले. "खांड उघडी हाय, बायांनी पुढं यायचं नाय." आई म्हणाली, "मंग तू एकटा बुजव." ते बाजूला झाले.

दादा, तो चिखल मला अजून आठवतो. ढेकूळ कापायचं, शेजारणीच्या हातात द्यायचं, तिने पुढच्या बाईला. पेंढा टाकायचा, वर चिखल, पुन्हा पेंढा. वहिनी थेट खांडीच्या तोंडाशी होती, कमरेइतक्या पाण्यात, कारण ती सगळ्यांत उंच. भरती परत फिरायच्या आत तोंड बुजलं. बायका बांधावर बसून हसत होत्या, कोणाला का हसतोय ते कळत नव्हतं. तू शिफ्ट संपवून धापा टाकत आलास तेव्हा काम झालेलं होतं आणि तुझी बायको ओळखू येत नव्हती, डोळे सोडून सगळा चिखल.

पुढच्या सुट्टीला तू छाती फुगवून बसलास. "बग. बायांना बांधावर कोणी नेलं? तुझ्या पुस्तकानं? शिफ्टनं नेलं!"

मी म्हटलं, "बांधावर नेलं शिफ्टने. बांधावरून गावकीत कोणी नेलं, ते सांग."

कारण कोणीच नेलं नव्हतं. गावकीने बायांचं कौतुक केलं, प्रत्येकीला देवळापुढे नारळ दिला, आणि घरी पाठवलं. खाडी काही चिडली नाही हे सगळ्यांनी बघितलं, त्यामुळे पुढच्या खांडींना बाया हक्काने बोलावल्या जाऊ लागल्या. चिखल ओढायला. बांध कधी बांधायचा, कुठे बांधायचा, हे ठरवायला परत पुरुषच. आईने तो नारळ खोबरं करून कालवणात घातला. मी तुला हे सुनावलं तेव्हा तू उठलास आणि म्हणालास, जेवायचं बगा आता.

पण तू नुसता हट्टी नव्हतास, हे मला कबूल करायलाच हवं. एकदा मी तुला डिवचलं होतं, "भोंग्याने समता आणली म्हणतोस ना, मग तुमच्या कंपनीत कंत्राटावरची वाडीची माणसं गेटबाहेर झाडाखाली का जेवतात?" कायम झालेल्यांना कँटीन, आणि तेच काम करणाऱ्या कंत्राटी माणसाला झाड. तू माझ्यावर असा भडकलास की चहा न पिता रोह्याला निघून गेलास. काही महिन्यांनी मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं की युनियनच्या सभेत तू हा विषय काढलास, तुझ्याच माणसांनी तुला वेड्यात काढलं, आणि तरी तू तो सोडला नाहीस. कंत्राटी माणसं कँटीनमध्ये बसायला लागली. मला तू एका शब्दाने सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. पुढच्या रविवारी तू येताना माझ्यासाठी कोलाडच्या टपरीवरची भजी आणलीस, गार झालेली, आणि म्हणालास, "खा. लई बोलतेस." बास, एवढंच. माझ्याकडे तुझी जी काही माया जमा आहे त्यात ती गार भजी सगळ्यांत वर.

युनियनमधूनच तू गावकीत हात वर करायची रीत आणलीस. आधी पंच बोलायचे आणि बाकीचे "व्हय" म्हणायचे, संपलं. तू म्हणालास, ज्याला पटतंय त्याने हात वर करा आणि ज्याला नाही पटत त्यानेही करा, मोजू. बाळाराम काकांनी कपाळावर हात मारला होता. "ही काय शाळा हाय?" पण रीत पडली. आता गावातल्या पोरांना वाटतं ती शिवाजी महाराजांच्या काळापासूनची आहे. मी वर्गात मुलांना शिकवताना तुझं उदाहरण द्यायचे, नाव न घेता. एक मुलगी एकदा म्हणाली, "बाई, पण त्या हातांत बांगड्यांचा एक पण हात नव्हता ना?" मी तुला हे येऊन सांगितलं तेव्हा तू खूप हसलास. आणि मग त्या मुलीचं नाव विचारलंस.

दरम्यान सरकारने पंचायतीत बायांना जागा दिल्या. आपल्याकडे सरपंच बाई झाली, ती झेंडा फडकवते, सही करते, चांगलं काम करते. पण गावकी होती तिथेच. कंपन्यांच्या सांडपाण्याने नदीचं पाणी बिघडलं, खाडीतली मासळी कमी झाली, तेव्हा मी तुला टोमणा मारला की विचार कधी मासे मारत नाही. तू म्हणालास, तुझ्या वर्गातला पंखा काय विचारावर फिरतो? तेही खरंच होतं. तुझी लेक दीपा शिकली, रोह्याला दिली, आणि आता तिथल्याच एका कंपनीत प्रयोगशाळेत काम करते, पांढरा कोट घालून. तिला पहिल्यांदा तो कोट घातलेला बघून तू फोन केलास मला, आणि काही बोललाच नाहीस, नुसता नाक ओढत होतास. मी म्हटलं, दोघंही जिंकलो रे या वेळी. तर म्हणालास, नाय, मीच.

तर तो शेवटचा रविवार. तुझे केस पांढरे झाले होते, गावकीत तुझ्या शब्दाला वजन होतं. मी सरळ विचारलं, "आता तरी बायांना बसव. तू बोललास तर कोणी नाही म्हणणार नाही." तू खाडीकडे बघितलंस. मग म्हणालास, "मी सांगून बसवल्या तर ती माझी मेहेरबानी होईल गो."

मी म्हटलं, "हे कारण आहे की पळवाट?"

तू हसलास. "पुढल्या रविवारी सांगतो."

दादा, हे तू मला सांगून जायला हवं होतंस. मी रात्रंदिवस त्याच वाक्यापाशी येते. कधी वाटतं केवढं मोठं बोललास. हक्क कोणी उचलून हातात द्यायचा नसतो, हे माझ्या पुस्तकांत तरी इतकं सोपं करून कुठे लिहिलंय? आणि कधी वाटतं, चोरा, तुला बाळाराम काकांशी भांडण नको होतं. खरं काय ते आता मला कधी कळणार नाही. याच्यावर मी रडले, लपवत नाही.

आता तेरावं. तुला मुलगा नाही, म्हणून गावकीने आपसात ठरवलं होतं की टोपी मंगेशला घालायची, आपल्या चुलत घरातला तुझा पुतण्या. पोरगा गुणी आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मंगेशला टोपी म्हणजे आपलं घर त्याच्या घरात गेलं. बांधातला आपला तुकडा, देवळातली आपली जागा, आपलं बोलणं, सगळं त्यांच्यात मिळालं. वहिनी जिवंत, धडधाकट, शेत तिच्या हातचं, आणि घर मात्र बंद झाल्यासारखं. पुन्हा एकदा एक बाई दाराआड उभी राहून देवळात काय झालं ते ऐकणार. मला ते सहन होणार नव्हतं. दीपाशी मी आधीच बोलले होते. ती म्हणाली, "आत्या, तूच बोल. तुला बोलता येतं." मी तयारीच करून आले होते. स्वातंत्र्य, समता, राज्यघटना, सगळं. वर्गात बोलते तसं.

ओटीवर माणसं बसली. बाळाराम काका आता वाकले आहेत, दोघांनी धरून आणलं. ताटात टोपी, नारळ, सुपारी. मंगेश कोपऱ्यात मान खाली घालून. काकांनी घसा साफ केला आणि विचारलं, "घराचं माणूस कोण?" मी उठायला गुडघ्यावर हात ठेवला. माझे गुडघे तुला माहीत आहेत, उठायला वेळ लागतो.

तेवढ्यात आतून वहिनी बाहेर आली. हात ओले, पदराला पुसत. म्हणाली, "मी."

काकांना वाटलं तिला प्रश्न कळला नाही. "नाय गो, गावकीत बसायला कोण, ते इचारतोय."

"तेच सांगते. मी बसेन."

"असं कधी झालं नाय."

"शिफ्ट तरी आधी कधी होती, काका? झाली ना?" वहिनी जागची हलली नाही. "खांडीच्या तोंडाला मी उभी होती. तुमी बघितलंत. त्याचा नारळ दिलात, मी घेतला. आता नारळ नको. आन बाय म्हणून दया नको, नवरा मेला म्हणून पण नको. या घरातलं माणूस हाय, म्हणून बसते."

मी गुडघ्यावरचा हात काढून घेतला. दादा, तू ऐकायला हवं होतंस. अर्धं तुझं, अर्धं माझं, आणि आपल्या दोघांनाही जे कधी नीट जोडता आलं नाही ते तिने ओल्या हाताने जोडून ओटीवर ठेवलं. आपण दोघं इतकी वर्षं समतेवर तावातावाने भांडलो आणि चहा दर वेळी तिनेच केला. ती आत उभी राहून ऐकत असणार, हे आपल्या डोक्यात आलं नाही. हसू नकोस, तुझ्याही नाही आलं.

काकांनी मंगेशकडे बघितलं. मंगेशने मान वर केली आणि इतक्या घाईने बोलला की मला हसू आवरेना. "काकीला बसू द्या ना. माझी आठवड्याला शिफ्ट बदलते, मी कवा येनार गावकीत? मागच्या येळेला बाबांच्या जागी आलो तर तिथंच झोपलो होतो." ओटीवर हशा पिकला. तेराव्याला हशा पिकलेला मी पहिल्यांदा बघितला, आणि तुझंच तेरावं असल्यामुळे मला ते बरोबरच वाटलं. जा, ही शिफ्ट तुझ्या खात्यात लिहिते. पण "माणूस हाय" हे माझ्या खात्यात, त्यात वाटा मागू नकोस.

काकांनी टोपी हातात घेतली, टोपीकडे बघितलं, वहिनीच्या डोक्यावरच्या पदराकडे बघितलं, आणि टोपी परत ताटात ठेवली. "हिचं काय करू आता?"

"देवापुढं ठेवा," वहिनी म्हणाली.

"बरं. बस. पण बोलायचं कमी."

"बघू," वहिनी म्हणाली, आणि चहा टाकायला आत न जाता तिथेच ओटीवर बसली. चहा मंगेशने केला. भयंकर झाला होता, सगळ्यांनी प्यायला.

हे एवढं सांगितलं की मी थांबणार होते. पण काल गावकी होती, तिची पहिली. मी पेणला घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. माझ्या स्वतःच्या परीक्षेलाही मी इतकी घाबरले नव्हते. शेवटी तिचा फोन आला.

"झालं गो बाय?" मी विचारलं.

"झालं. मी एक इषय मांडला. गावकी बसते ती संध्याकाळची, चुलीच्या वक्ताला. म्हटलं दुपारची बसवा, म्हंजे बाकीच्या बाया पण येतील बसायला."

"मग?"

"मंग काय, हात वर करायला सांगितले. हरले." आणि ती हसायला लागली. "लई वाईट हरले. थोडेच हात आले. पण पहिला हात कोणाचा, सांग."

"कोणाचा?"

"बाळाराम काकाचा. म्हनाला, माझी सून पण इथं येऊन भांडूदे, घरात जरा शांतता होईल."

मी म्हटलं, वहिनी, मन खट्टू करू नकोस. तर म्हणाली, खट्टू कशाला, पुढल्या वेळेला परत मांडते, दोघातिघांना आत्ताच जाऊन विचारते, आणि फोन ठेवून दिला. तिला माझ्याशी बोलायला वेळ नव्हता. मी तशीच फोन हातात धरून बसले आणि मला आई आठवली. भाकऱ्या थापत तुझ्याकरवी आपलं म्हणणं पाठवणारी, आणि तू विसरून आलास की तवा आपटणारी.

दादा, तुझी बायको काल गावकीत हरली. आपल्या आईला हरायलासुद्धा कधी मिळालं नाही.